खाण तशी माती?

दोस्तांनो, ‘बिभा’ आणि ‘संतमस’ ही नावं कुणाची, ओळखा पाहू! बहीणभावाची नाहीत, नाटकातल्या पात्रांचीही नाहीत. बिभा आहे एक तारा आणि संतमस हा त्याच्याभोवती फिरणारा ग्रह. आपल्या सूर्यमालेतला नव्हे बरं का, दुसऱ्याच सूर्याचा ग्रह! अशा ग्रहांना परग्रह म्हणतात, आणि ज्याच्याभोवती ते फिरतात त्याला म्हणतात यजमान तारा. घरी सत्यनारायणाला भटजीबुवा बाबांना “यजमान, पळीभर पाणी सोडा” म्हणतात ना, तोच हा शब्द.

शास्त्रज्ञांच्या यादीत या ताऱ्याचं नाव होतं एचडी ८६०८१. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तुमचा नंबर असतो, तसंच. २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाला शंभर वर्षं झाली. त्या निमित्ताने संघाने शंभराहून जास्त देशांना एकेक तारा आणि त्याचा एकेक ग्रह वाटून दिला आणि सांगितलं, बारसं तुम्ही करा. भारताच्या वाट्याला आला हा तारा. लोकांकडून नावं मागवली, मतं घेतली. ग्रहाचं नाव कुणी सुचवलेलं होतं ठाऊक आहे? आपल्या पुण्यातल्या एका शाळेतल्या १३ वर्षांच्या मुलाने! संतमस म्हणजे गडद काळोख, झाकोळ. या ग्रहाचं वातावरण ढगांनी झाकोळलेलं असेल, अशी त्यामागची कल्पना.

ताऱ्याचं नाव सुचवलं सुरतच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्याने. बिभा म्हणजे आपल्याकडची विभा, प्रकाशाचा झोत. पण नाव ठेवलं ते बिभा चौधुरी यांच्या आठवणीसाठी. त्यांचा जन्म १९१३ सालचा, कोलकात्याचा. आकाशातून सतत येणाऱ्या विश्वकिरणांचा त्यांनी अभ्यास केला. १९४९ मध्ये डॉ. होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, बोलावून घेतलं. तिथल्या त्या पहिल्या महिला संशोधक. तेव्हा ही संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. आता ती कुलाब्याच्या पार टोकाला, नेव्ही नगरात समुद्राकाठी आहे. या संस्थेचं नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी सिंह राशीतला मघा तारा डोक्यावर येतो. त्याच्या दक्षिणेला, षष्ठांश नावाच्या एका अंधुक तारकासमूहात बिभा आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, दुर्बीण लागते. गिरगाव चौपाटीवरच्या दिव्यांच्या झगमगाटात तर मघा दिसली तरी पुष्कळ! बिभा आपल्यापासून तीनशेहून जास्त प्रकाशवर्षं दूर आहे. आज आपल्याकडे पोचणारा तिचा प्रकाश निघाला, तेव्हा इथे मराठेशाही होती.

आता संतमसकडे वळू. हा ग्रह २००६ मध्ये सापडला. वजनाने निदान दीड गुरू भरेल, म्हणजे सुमारे पावणेपाचशे पृथ्व्या. एवढं अवाढव्य धूड, पण ताऱ्याच्या किती जवळ फिरावं? पन्नास लाख किलोमीटरच्या आसपास! आपला बुध सूर्यापासून जवळजवळ ५ कोटी ८० लाख किलोमीटर अंतरावर आहे, आणि तरी तो भाजून निघतो. संतमसचं वर्ष साधारण २ दिवस ३ तासांचं. म्हणजे सोमवारी सकाळी शाळा भरताना वाढदिवस साजरा केला, की बुधवारी मधल्या सुट्टीच्या सुमाराला पुढचा! पण केक कापायला तिथे जायचं म्हणाल तर नको रे बाबा. हिशोबाने तिथलं तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्या घरात जातं. तांब्याची घागर १०८५ अंशांना वितळते, म्हणजे तिचं काय होईल बघा.

असे भट्टीतले गुरू पुष्कळ सापडलेत. पहिला सापडला १९९५ मध्ये, ५१ पेगासी या ताऱ्याभोवती. मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलोझ या स्विस शास्त्रज्ञांनी तो शोधला, त्याबद्दल त्यांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. आणखी दोनचार असे ग्रह मिळाल्यावर १९९७ च्या सुमाराला एक गोष्ट ध्यानात आली. या ग्रहांचे यजमान तारे साधेसुधे नव्हते. त्यांच्यात लोखंड जास्त होतं.

ताऱ्यात लोखंड? आणि त्याचा ग्रहाशी काय संबंध? त्यासाठी आधी लालबागला चला.

श्रावण लागला की आमच्या शाळेतली मुलं घरी वेळेवर पोचत नाहीत. गणपतीच्या कारखान्यांपुढे उभी राहतात. शाडूची माती मळून मूर्तिकार मूर्ती घडवतो. मूर्ती झाली, की उरलेल्या मातीतून उंदीर करतो, मोदक करतो. उंदरासाठी वेगळी माती आणत नाही. गोळ्यात खडे असतील तर ते मूर्तीतही येणार आणि उंदरातही. तारा आणि त्याचे ग्रह असेच होतात. वायू आणि धूळ यांचा एक प्रचंड ढग आकसतो. मधे बहुतेक सगळा माल गोळा होऊन तारा बनतो. उरलेली चिमूटभर सामग्री त्याच्याभोवती तबकडीसारखी फिरत राहते, आणि तिच्यातून ग्रह. चिमूटभर म्हणजे किती? आपली सूर्यमाला शंभर किलोची मानली, तर गुरू, शनी, पृथ्वी, चंद्र सगळे मिळून जेमतेम दीडशे ग्रॅम. बाकी सगळा सूर्य! सूर्य म्हणजे मूर्ती आणि आपण सगळे उंदराच्या शेपटीवर.

तेव्हा ग्रहाला काय माती मिळाली हे कळायला हवं असेल, तर ताऱ्याची माती तपासावी. ती तपासता येते, कारण तारा प्रकाश पाठवतो. सूर्यप्रकाशाचे सात रंग तुम्ही लोलकातून पाहिले असतील. तोच रंगीत पट्टा नीट पसरून पाहिला, की त्यात बारीक काळ्या रेघा दिसतात, एखाद्या पुड्याच्या मागे छापलेल्या बारकोडसारख्या. प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या जागचा प्रकाश गिळतं आणि तिथे काळी रेघ सोडतं. सोडियमच्या रेघा वेगळ्या, लोखंडाच्या वेगळ्या. ही ताऱ्याची हजेरीच म्हणा. फक्त इथे काळी रेघ म्हणजे गैरहजर नव्हे, हजर!

खगोलशास्त्रज्ञांची एक खोड तुम्हाला सांगून ठेवते. हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्याला ते ‘धातू’ म्हणतात. ऑक्सिजन धातू, कार्बन धातू! (विज्ञानाच्या पेपरात असं लिहू नका, भोपळा मिळेल.) सूर्यात असे ‘धातू’ साधारण दीड टक्काच आहेत. पण खडक, माती, बर्फ, तुम्ही, मी, सगळं याच दीड टक्क्याच्या मालातून व्हायचं. ते मोजायला लोखंड सोयीचं, कारण त्याच्या रेघा भरपूर असतात.

डेब्रा फिशर आणि जेफ व्हॅलेंटी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये १,०४० ताऱ्यांची हजेरी घेतली. सूर्यापेक्षा ज्यांच्यात लोखंड कमी, अशा शंभर ताऱ्यांमागे तिघांकडेही मोठे ग्रह सापडले नव्हते. आणि सूर्याच्या दुपटीहून जास्त लोखंड असलेल्या ताऱ्यांमध्ये? शंभरात पंचवीस! बिभाची गोष्ट यात चपखल बसते. तिच्यात सूर्याच्या दीडपटीहून जास्त लोखंड आहे. खरं तर ज्या मोहिमेत संतमस सापडला, तिने मुद्दाम लोखंड भरपूर असलेले तारेच निवडले होते. आडात असेल तर पोहऱ्यात येईल, म्हणून भरलेल्या आडाशीच जाऊन उभं राहायचं. हुशार की नाही?

पण शास्त्रज्ञ एवढ्यावर गप्प बसत नाहीत. काहींनी शंका काढली, की हे उलटंही असू शकेल. तारा साधाच होता, पण त्याने आपले दोनचार ग्रह गिळले, आणि त्यांचं लोखंड त्याच्या अंगावर दिसतंय! मग कसं ओळखायचं? आमटीच्या पातेल्यात वरून भुरभुरलेली कोथिंबीर आणि आत शिजलेला मसाला यात फरक काय? डाव फिरवला, की कोथिंबीर पांगते, पण मसाल्याची चव तेवढीच राहते. म्हाताऱ्या व्हायला लागलेल्या ताऱ्यांच्या पोटात असा डाव आपोआप फिरतो, वरचा थर खोलवर ढवळला जातो. ज्यांच्याकडे मोठे ग्रह आहेत, असे ढवळलेले तारे पाहिले, तर त्यांच्यात लोखंड तितकंच जास्त निघालं. म्हणजे तो मसालाच होता. तारा जन्मापासूनच लोखंडाने श्रीमंत होता.

श्रीमंतीचा फायदा काय, तर वेळ वाचतो. गुरूसारखा ग्रह व्हायला आधी खडक आणि बर्फाचा गाभा लागतो, पृथ्वीच्या साधारण दहापट वजनाचा. तेवढा झाला की तो भोवतीचा वायू भराभर ओढून घेतो. पण ताऱ्याभोवतीचा हा वायू कायमचा राहत नाही, साधारण ३० लाख ते १ कोटी वर्षांत उडून जातो. दादरचा फुलबाजार पहाटे कसा ओसंडत असतो, पण दुपारी गेलात तर? गाभा बाजार उठायच्या आत तयार व्हायला हवा. तबकडीत खडे-माती जास्त असेल, तर तो लवकर तयार होतो. नसेल तर गाभा होईपर्यंत वायू गेलेला असतो. (संतमस मात्र आज आहे तिथे जन्मला नसावा. दूर, थंड जागी मोठा होऊन मग तो सरकत आत आला असावा असं मानतात.)

हे सगळं मी वर्गात दोन आठवडे थोडं थोडं सांगत होते. त्याच सुमाराला आमची पालकसभा झाली. एक वडील आपल्या मुलाची गणिताची वही पाहून म्हणाले, “बाई, खाण तशी माती. मला कधी गणित जमलं नाही, याला कुठनं जमणार?” पोरगा शेजारीच उभा होता, बुटाच्या टोकाने फरशी घासत. दुसऱ्या दिवशी त्यानेच हात वर केला. “बाई, ताऱ्याकडे लोखंड कमीच असेल, तर त्याला ग्रहच होत नाहीत का?”

इतका चांगला प्रश्न माझ्या वर्गात बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. कारण ‘मोठे ग्रह’ आणि ‘ग्रह’ यातली फट त्याने बरोबर पकडली होती.

त्याचं उत्तर मिळायला केपलर दुर्बीण लागली. ही दुर्बीण २००९ मध्ये अवकाशात गेली आणि २०१८ पर्यंत काम करत राहिली. ग्रह ताऱ्यापुढून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो, तेवढ्यावरून ती ग्रह शोधायची. त्यामुळे लहान ग्रहही मिळू लागले. २०१२ मध्ये लार्स बुखावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ लहान ग्रहांच्या यजमान ताऱ्यांचं लोखंड तपासलं. मोठ्या ग्रहांसारखा नियम निघेल असं वाटेल, पण निघाला नाही! लहान ग्रह लोखंडाने श्रीमंत ताऱ्यांकडे होते, मध्यम ताऱ्यांकडे होते, आणि गरीब ताऱ्यांकडेही होते. पृथ्वीएवढा गोळा व्हायला फार माती लागत नाही आणि वायूचा बाजार गाठायची घाईही नसते.

मग मी त्या मुलाला केपलर-४४४ ची गोष्ट सांगितली. हा तारा सूर्यापेक्षा लहान आणि भारी म्हातारा, सुमारे ११२० कोटी वर्षांचा. आपला सूर्य त्याच्यापुढे ४६० कोटी वर्षांचा तरणाबांड. इतक्या जुन्या काळी विश्वात लोखंड तयार व्हायला फारसा अवधीच मिळालेला नव्हता. या ताऱ्याकडे सूर्याच्या पाव हिश्श्याहून थोडंसंच जास्त लोखंड आहे. आणि त्याच्याभोवती फिरताहेत पाच ग्रह! पाचही पृथ्वीहून लहान. २०१५ मध्ये हे जाहीर झालं. पाचांचीही वर्षं दहा दिवसांच्या आतली, म्हणजे तिथे चटकाच असणार. पण आपली पृथ्वी जन्मायच्या कितीतरी आधीपासून ते तिथे आहेत. “पाच?” असं त्याने मला दोनदा विचारलं.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली संस्था. २०१८ मध्ये कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या मयंक नारंग आणि पी. मनोज यांनी देशातल्या आणि परदेशातल्या सहकाऱ्यांबरोबर हाच हिशोब फार मोठ्या प्रमाणावर केला. केपलरने टिपलेले २,८०० हून अधिक ग्रह घेतले आणि प्रत्येकाचा यजमान किती ‘धातू’ बाळगून आहे ते मांडलं. ग्रह आकाराने मोठा होत गेला, तसा यजमान सरासरीने श्रीमंत होत गेला. वजनाचंही तेच. ज्यांचं वर्ष दहा दिवसांहून लहान, अशा ग्रहांचे यजमान बाकीच्यांपेक्षा श्रीमंत निघाले. इथे संतमस आठवला ना? खरी गंमत पुढेच आहे. वजन चार गुरूंच्या वर गेलं, की नियम उलटा फिरला! ग्रह जितका जड, तितका यजमान गरीब. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. इतके अजस्र ग्रह गाभ्याची वाट पाहत बसत नसावेत, ताऱ्यासारखे वायूचा ढगच आकसून थेट तयार होत असावेत, असा त्यातून अंदाज निघतो. तिथे लोखंडाची मातब्बरी नाही. म्हणजे आपली म्हण मधल्यांना लागू, थोरामोठ्यांना उलटी, आणि धाकट्यांना जवळपास नाहीच.

लोखंडाखेरीज ताऱ्याचं वजनही महत्त्वाचं. छोट्या, लालसर ताऱ्यांकडे गुरूएवढे ग्रह क्वचितच मिळतात, पण लहान ग्रह भरपूर. ट्रॅपिस्ट-१ हा तारा सुमारे ४० प्रकाशवर्षांवर आहे. आकाराने गुरूपेक्षा थोडाच मोठा, पण २०१७ पर्यंत त्याचे सात ग्रह सापडले, सगळे पृथ्वीच्या आसपासच्या आकाराचे. तारा मंद असल्यामुळे त्याच्या अगदी जवळ असूनही मधल्या काही ग्रहांवर पाणी पाणीच राहील इतपत ऊब असू शकते. शेकोटी लहान असेल तर आपण जवळ सरकून बसतो ना, तसं. पण असे तारे अधूनमधून भडकतात, त्यामुळे तिथे हवा टिकली आहे की नाही हे पाहावं लागेल.

आजवर सहा हजारांहून जास्त परग्रह सापडलेत. त्यातल्या बहुतेकांना कुणीही थेट पाहिलेलं नाही. पाहिलाय तो तारा, त्याचं मंदावणं आणि त्याचं डुलणं. ग्रहाबद्दल जे कळतं ते ताऱ्यामार्फत. म्हणून ताऱ्याचं माप चुकलं, की ग्रहाचंही चुकतं. २०१८ मध्ये गाया या अवकाशयानाने ताऱ्यांची अंतरं फार बारकाईने मोजली. त्यावरून ताऱ्यांचे आकार सुधारले आणि एका फटक्यात शेकडो ग्रहांचे आकार बदलावे लागले. ग्रह बिचारे होते तिथेच होते!

हे घरी करून पाहा. आलेखाच्या कागदावर १० सेंटिमीटर व्यासाचं एक वर्तुळ काढा, हा मोठा तारा. शेजारी ५ सेंटिमीटर व्यासाचं दुसरं काढा, हा लहान तारा. आता काळ्या कागदाची दोन टिकल्यांएवढी वर्तुळं कापा, एक १ सेंटिमीटर व्यासाचं, एक ५ मिलिमीटरचं. मोठी टिकली मोठ्या ताऱ्यावर ठेवा, छोटी टिकली छोट्या ताऱ्यावर. दोन्हीकडे शंभरातला एकच भाग झाकला जातो. म्हणजे दुर्बिणीला दोन्हीकडे प्रकाश सारखाच मंदावलेला दिसेल, ग्रह मात्र एक दुसऱ्याच्या दुप्पट! चौकोन मोजून खात्री करून घ्या. वर्तुळाचं क्षेत्रफळ अजून शिकला नसाल, तर आईबाबांना मदतीला घ्या.

आणि हे गणित तुमच्यासाठी. एका ताऱ्याचा व्यास आपण १० सेंटिमीटर धरला होता. नवीन मोजणीत तो १२ सेंटिमीटर निघाला. प्रकाश पूर्वीइतकाच, शंभरात एक भाग मंदावतोय. तर ग्रहाचा व्यास आता किती? उत्तर पुढच्या अंकात.